लोट्याच्या कंपनीत क्यूसी केमिस्टचा इंटरव्ह्यू आहे, आठवडाभरात नेमकी कशाची तयारी करू?

अंजनवेल_किनारा

नमस्कार मंडळी. यंदा माझं बी.एस्सी. केमिस्ट्री झालं. राहते गुहागर तालुक्यात. लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फोन आलाय. क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये ट्रेनी केमिस्टची जागा आहे, पुढच्या गुरुवारी सकाळी १० वाजता बोलावलंय. आधी अर्ध्या तासाची लेखी परीक्षा, मग इंटरव्ह्यू. कंपनी औषधांसाठी लागणारी इंटरमिजिएट्स (मधल्या टप्प्यातली रसायनं) बनवते, एवढं वेबसाइटवरून कळलं.

कॉलेजात टायट्रेशन, पीएच मीटर आणि कलरीमीटर हाताने केलंय. एचपीएलसी आणि जीसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं) फक्त दाखवलं होतं. आता तीन वर्षांची पुस्तकं पुन्हा काढून बसू, की नेटवर मिळतात ते शंभर प्रश्न पाठ करू, तेच कळत नाहीये. इंग्रजी समजतं, पण बोलताना अडखळते. त्यात पावसाचे दिवस. आधी एसटीने चिपळूण आणि पुढे परशुराम घाट, त्यामुळे वेळेत पोचायचीही धाकधूक आहे. पगाराचं विचारलं तर काय सांगायचं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

ब्युरेट_५०

पुस्तकंही नकोत आणि शंभर प्रश्नही नकोत. तिन्ही वर्षांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नल काढा. ट्रेनीला क्यूसी मॅनेजर जे विचारतो त्यातलं बहुतेक तिथेच असतं. प्रयोगात हाताने काय केलं, आकडा कुठून आला आणि तसंच का केलं, या तीन गोष्टी तो तपासतो. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या 'का'ला कोसळतं.

नेहमीचंच उदाहरण घ्या. "०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड १ लिटर कसं कराल?" ४ ग्रॅम, इथपर्यंत सगळे येतात. पुढचा प्रश्न असतो, "मग ते बरोबर ०.१ झालं का?" नाही. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, म्हणजे ४ ग्रॅम वजन केलं तरी त्यात ४ ग्रॅम कॉस्टिक नसतं. म्हणून ते प्रायमरी स्टँडर्ड (नुसत्या वजनावरून तीव्रता नक्की धरता येते असा पदार्थ) होत नाही, स्टँडर्डाइझ करावं लागतं, म्हणजे खरी तीव्रता अशा पदार्थाशी टायट्रेट करून ठरवावी लागते. कशाने? पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, म्हणजे केएचपी. ते १२० अंशांवर २ तास सुकवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं, साधारण अर्धा ग्रॅम चार दशांशांपर्यंत अचूक तोलायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि फिनॉल्फ्थॅलिनचे २ थेंब टाकून फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकेपर्यंत टायट्रेट करायचं. पाणी उकळायचं कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड जावा. तो राहिला तर कॉस्टिक जास्त लागतं आणि नॉर्मॅलिटी कमी येते.

हे गणित कागदावर करून बघा. केएचपी ०.५१०५ ग्रॅम, ब्युरेट रीडिंग २४.६ मिली, केएचपीचा रेणुभार २०४.२२. ०.५१०५ ÷ (२४.६ × ०.२०४२२) = ०.१०१६ नॉर्मल. लेखी परीक्षेत असंच एखादं नक्की असतं, आणि चूक बहुधा मिलिलिटरचं लिटर करताना होते.

"मिथिल ऑरेंज का नाही चालत?" केएचपी हे सौम्य आम्ल आणि कॉस्टिक तीव्र अल्कली, त्यामुळे समतुल्य बिंदू पीएच ८ ते ९ च्या दरम्यान येतो. फिनॉल्फ्थॅलिन साधारण ८.२ ते १० मध्ये रंग बदलतं, मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून मोकळं होतं.

याच पद्धतीने जर्नलमधलं प्रत्येक टायट्रेशन उलगडा. परमँगनेटला सल्फ्युरिक आम्लच का? हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडचंच ऑक्सिडेशन करतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत का तापवायचं? सुरुवातीला क्रिया फार मंद असते म्हणून. आयोडीनच्या टायट्रेशनमध्ये स्टार्च सुरुवातीला न टाकता द्रावण गवती पिवळं झाल्यावरच का टाकतात? आयोडीन भरपूर असताना टाकलं तर ते स्टार्चला घट्ट धरून बसतं आणि शेवटचा बिंदू उशिरा दिसतो. पाण्याचा कठीणपणा मोजायच्या ईडीटीए टायट्रेशनला पीएच १० चं बफर का आणि वाइन रेडचा निळा का होतो, हेही त्यातच. अशी सहा-सात टायट्रेशन पक्की झाली की लेखी परीक्षेची मोठी काळजी मिटली.

बाकी गणितांत पीपीएम (दहा लाख भागांत किती) आणि डायल्यूशन. १००० पीपीएमच्या साठ्यातून २० पीपीएमचं २५० मिली करायचं तर ५ मिली घ्यायचं. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण १२ नॉर्मल असतं, त्यामुळे ०.१ नॉर्मलच्या १ लिटरला ८.३ ते ८.५ मिली. आणि एक जुना सापळा: १० चा उणे ८ वा घात मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच किती? ८ लिहिलंत तर आम्लाला अल्कली ठरवलंत. पाण्यातले स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर ६.९८ च्या आसपास येतं.

कोकणातल्या लॅबमध्ये पावसाळ्यात मॉइश्चरचे प्रश्न हमखास विचारले जातात, कारण इथे तो रोजचा त्रास आहे. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. नमुन्याची बाटली उघडी राहिली, किंवा ओव्हनमधून काढलेली वजनाची बाटली डेसिकेटरऐवजी टेबलावर गार केली, की रीडिंग चढतं. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती सुकवत नाही, आधी ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी करावी लागते. कार्ल फिशर (नमुन्यातलं पाणी मोजायचं टायट्रेशन) कधी पाहिलं नसेल तरी एवढं माहीत हवं: त्यात आयोडीन आणि पाण्याची १ ला १ प्रमाणात क्रिया होते, अभिकर्मकाचा फॅक्टर डायसोडियम टार्टरेट डायहायड्रेटने काढतात आणि त्यात १५.६६ टक्के पाणी असतं. नमुना कीटोन किंवा अल्डिहाइड असेल तर नेहमीच्या मिथेनॉलमध्ये तो मिथेनॉलशीच क्रिया करून नवं पाणी तयार करतो, म्हणून त्यांना वेगळा अभिकर्मक लागतो.

यावरचा एक आवडता प्रश्न सांगतो. लॉस ऑन ड्रायिंग (सुकवल्यावर घटलेलं वजन) ०.८ टक्के आलं आणि कार्ल फिशरने पाणी ०.३ टक्के, मग चूक कोणाची? बहुतेक वेळा कोणाचीच नाही. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर पाण्याबरोबर उरलेलं सॉल्व्हंटही उडतं, कार्ल फिशर फक्त पाणी मोजतं. मधला ०.५ टक्का सॉल्व्हंटचा असू शकतो, तो जीसीवर बघायचा. हे नीट सांगितलंत तर समोरच्याला कळतं की मुलगी विचार करते.

पगाराचं फार ताणू नका, ट्रेनीला 'कंपनीच्या नियमाप्रमाणे' म्हणालात तरी चालतं.

विंडसॉक

वर लॅबचं उत्तम लिहिलंय. मी सेफ्टीचं लिहितो, कारण केमिस्ट्रीत पक्की असलेली मुलं इथे अडकतात. लोट्यात केमिकल कारखाने शेजारी शेजारी आहेत, तिथे कुठलीही कंपनी हा भाग गाळत नाही.

आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल, हळूहळू आणि ढवळत. उलट केलं तर वरच्या थोड्या पाण्यातच सगळी उष्णता निघते, ते उसळतं आणि आम्ल अंगावर येतं. डोळ्यात केमिकल गेलं तर आय-वॉशखाली पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं पाणी. 'न्यूट्रलाइझ करू' असं उत्तर देऊ नका. सोडा किंवा सौम्य आम्ल डोळ्यात किंवा त्वचेवर लावायचं नसतं, त्या क्रियेची उष्णता आणखी भाजते. जमिनीवर आम्ल सांडलं तर मात्र सोडा ॲश किंवा बायकार्बोनेट टाकायचं, तेही हातमोजे आणि गॉगल घालून, कडेकडून आत येत.

सॉल्व्हंटला आग लागली तर पाण्याचा फवारा नाही. टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत पसरतं आणि आगही पसरवतं. कार्बन डायऑक्साइड, ड्राय केमिकल पावडर किंवा फोम. फ्लॅश पॉइंट दोन-तीन माहीत असू द्या: टोल्युइन साधारण ४ अंश, मिथेनॉल ११-१२ अंश, ॲसिटोन उणे २० च्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही दिवशी ही तिन्ही उघडी ठेवली तर त्यांची वाफ पेट घेऊ शकते. म्हणूनच ड्रममधून सॉल्व्हंट काढताना अर्थिंगची क्लिप लावतात. वाहत्या सॉल्व्हंटवर स्थिर विद्युत साठते आणि एक ठिणगी पुरते.

"गॅस गळतीचा सायरन झाला तर कुठे पळाल?" याचं उत्तर 'बाहेर' एवढंच देऊ नका. आधी छपरावरचा विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, वारा कुठून कुठे जातोय ते ठरवायचं, मग वाऱ्याला आडव्या दिशेने गळतीपासून दूर निघून, वारा जिकडून येतो त्या बाजूच्या असेंब्ली पॉइंटला (सगळ्यांनी जमायच्या जागी) जायचं. गेटवर गेल्या गेल्या विंडसॉक आणि असेंब्ली पॉइंटची पाटी कुठे आहे ते पाहून ठेवा. आत गेल्यावर "येताना काय काय दिसलं?" असंही विचारतात.

कंपनीच्या वेबसाइटवर उत्पादनांची यादी असेल. त्यातल्या दोन-तीन उत्पादनांची किंवा त्यांच्या कच्च्या मालाची सेफ्टी डेटा शीट उघडून वाचा. तिचे १६ विभाग ठरलेले असतात. सगळे पाठ करायची गरज नाही. ४ प्रथमोपचार, ५ आग, ६ सांडलं तर काय, ८ वैयक्तिक संरक्षण, हे चार माहीत असले की पुरे.

आणखी एक, सांडपाणी. लोट्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून पाणी पुढे दाभोळ खाडीत जातं. तुम्ही खाडीच्या मुखाशी राहता, तिथल्या मासेमारीचा प्रश्न तुम्हाला वेगळा सांगायला नको. सीओडी आणि बीओडी विचारले जातातच; पाण्यातली घाण जाळायला रसायनाने किती ऑक्सिजन लागतो तो सीओडी, जिवाणूंना किती लागतो तो बीओडी. सीओडीला नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात १५० अंशांवर २ तास उकळतात, क्लोराइड अडथळा आणू नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात, उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करतात, निर्देशक फेरॉइन, रंग निळसर हिरव्यावरून लालसर तपकिरी. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात. सीओडी नेहमी बीओडीपेक्षा जास्त का, याचं उत्तर तयार ठेवा: जिवाणू न खाऊ शकणारे पदार्थही डायक्रोमेट जाळतं. खाडीकाठची मुलगी हा विषय मनापासून आणि आकड्यांनिशी बोलली तर त्याची नोंद होते. फक्त तिथे कंपनीवर आरोपाचा सूर नको. तुम्ही लॅबमधून काय मोजाल आणि मर्यादेबाहेर आलं तर कोणाला लगेच सांगाल, तेवढंच बोला.

अंजनवेल_किनारा

दोघांचेही खूप आभार. जर्नल काढून बसलेय. एक विचारायचं राहिलं: बायोडाटात एचपीएलसी आणि जीसी लिहू का? वर्गातल्या दोघींनी 'नॉलेज ऑफ एचपीएलसी' असं लिहिलंय आणि मलाही लिही म्हणतायत.

ब्युरेट_५०

लिहा, पण जेवढं खरं आहे तेवढंच. 'हाताळलेली उपकरणे' या ओळीत पीएच मीटर, कलरीमीटर, ॲनालिटिकल बॅलन्स. खाली वेगळी ओळ: 'एचपीएलसी, जीसी: तत्त्व आणि रचना माहीत, प्रात्यक्षिक पाहिले आहे'. चालवता येतं असा अर्थ निघेल असं काही लिहिलंत तर पहिलाच प्रश्न येतो, "कुठला कॉलम होता, फ्लो किती ठेवला होता?" तिथे गप्प बसलात की मग आधीच्या खऱ्या उत्तरांवरही विश्वास उरत नाही.

विचारलं तर सरळ म्हणा, "चालवलेलं नाही, पण कसं चालतं ते सांगू शकते." आणि मग खरोखर सांगता आलं पाहिजे. रिव्हर्स फेजमध्ये कॉलम सी-१८, नेहमीचं माप २५० बाय ४.६ मिलिमीटर, कण ५ मायक्रॉन, फ्लो बहुधा मिनिटाला १ मिली. कॉलम नॉन-पोलर, म्हणून जास्त पोलर घटक आधी बाहेर येतो. मोबाइल फेज (कॉलममधून वाहतं ते द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यातली हवा काढायची, नाहीतर पंपात बुडबुडा अडकतो आणि प्रेशर खालीवर होतं. प्रेशर सतत चढत असेल तर फिल्टर किंवा कॉलमचं तोंड तुंबलंय. फॉस्फेट बफर चालवल्यावर थेट मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल सोडलं तर मीठ कॉलममध्येच खडा होऊन बसतं. आधी बहुतांश पाणी असलेलं मिश्रण चालवून बफर धुवायचं, मग सॉल्व्हंट. नमुना टोचण्याआधी सिस्टिम सूटेबिलिटी बघतात: स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शन, त्यांच्या पीकच्या क्षेत्रफळांचं आरएसडी (आकड्यांतली टक्केवारीतली तफावत) साधारण २ टक्क्यांच्या आत, टेलिंग (पीकची शेपटी किती लांबते ते) २ पेक्षा कमी. नेमकी मर्यादा त्या त्या पद्धतीत लिहिलेली असते, हेही जोडा.

जीसीला एकच प्रश्न पक्का करा. एफआयडी डिटेक्टरवर पाणी का दिसत नाही? हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बनी पदार्थ जळून आयन तयार होतात आणि तो प्रवाह मोजला जातो. पाण्यात जळण्यासारखा कार्बनच नाही. पाणी बघायचं तर टीसीडी (उष्णतावहनावर चालणारा डिटेक्टर).

आणि यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा येईल: "रिझल्ट मर्यादेबाहेर आला, मालाचा ट्रक गेटवर उभा आहे आणि वरिष्ठ म्हणतात जरा ॲडजस्ट कर. काय कराल?" इथे घुटमळू नका. मूळ रीडिंग तसंच राहील. नमुन्याचं द्रावण आणि स्टँडर्ड फेकायचं नाही, तेच पुरावा असतात. लगेच लॅब-प्रमुखांना कळवायचं, त्यांच्यासोबत वजन, डायल्यूशन, गणित, उपकरणाचं कॅलिब्रेशन तपासायचं. परवानगीशिवाय पुन्हा चाचणी करून चांगला आकडा निवडायचा नाही. वहीत लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख, व्हाइटनर कधीच नाही. औषधांच्या क्षेत्रात तपासणीला येणारे अधिकारी हेच बघतात. त्यामुळे कंपनीला आकडे जसेच्या तसे लिहिणारा माणूस खरंच हवा असतो.

जगबुडी_काठ

इंग्रजीची काळजी निम्मी कमी करा. लोट्यातल्या मुलाखती बहुतेक मिसळ भाषेत चालतात, मॅनेजर गुजरातचा किंवा दक्षिणेकडचा असला तर हिंदी-इंग्रजीत. सुरुवातीलाच विचारा, "सर, अडले तर मराठीत किंवा हिंदीत सांगितलं तर चालेल का?" बहुधा चालतं. पण दोन गोष्टी इंग्रजीत तोंडावर हव्यात: स्वतःची ओळख आणि एका टायट्रेशनची पूर्ण पद्धत. क्यूसीत एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) आणि रिपोर्ट इंग्रजीत असतात, तेवढं जमेल की नाही हेच ते बघतात.

ओळख ६० ते ९० सेकंदांची. नाव, गाव, शिक्षण आणि गुण, मग लगेच हाताने काय येतं, एखादा प्रोजेक्ट असेल तर त्यात काय मोजलं आणि शेवटी ही जागा का हवी. आईवडील काय करतात आणि छंद काय, यात अर्धा वेळ जातो आणि कामाचं राहून जातं. लिहून काढा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, घड्याळ लावा. शब्द पाठ करू नका, क्रम पाठ करा.

आता प्रवास. गुहागरहून चिपळूणला एसटीला एरवी दीड तास धरला तर पावसात दोन धरा. पुढे परशुराम घाटात दरड आली किंवा एकेरी वाहतूक सोडली की हिशोब कोलमडतो. सगळ्यात बरं म्हणजे बुधवारी संध्याकाळीच चिपळूणला किंवा खेडला नातेवाइकांकडे मुक्काम. ते शक्य नसेल तर चिपळूण स्टँडवरून ८ ला निघालंच पाहिजे असं धरून मागे मोजा. घाट बंद झाला तर हलक्या वाहनांसाठी कळंबस्ते-आंबडस-चिरणी मार्गे लोट्याला जाता येतं. रस्ता अरुंद आहे आणि त्यावर एसटी मिळेल या भरवशावर राहू नका, रिक्षावाल्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा. धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोली-खेड करून येणं हा तिसरा मार्ग, पण लांबचा, आणि खाडीला जोर असेल तर बोटीचा नेम नाही.

महामार्गावर लोट्याच्या फाट्याला उतरलं म्हणजे पोचलं असं नाही. एमआयडीसी पसरलेली आहे, आतले रस्ते लांब. फोनवर प्लॉट नंबर आणि जवळची खूण विचारून घ्या. गेटवर ९.३० ला पोचा. रजिस्टरमध्ये नोंद, ओळखपत्र, कधी मोबाइल जमा करणं, थोडी सेफ्टीची माहिती, यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मोबाइल जमा होतो म्हणून ज्यांनी बोलावलंय त्यांचं नाव आणि विभाग कागदावर लिहिलेला असू द्या. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि दोन पेनं जवळ ठेवा, मोबाइलवर गणित करू देत नाहीत.

कपडे सुती. प्लांट दाखवायला नेलं तर सिंथेटिक कापड चालत नाही, ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. ओढणी असेल तर दोन्ही बाजूंनी पिन केलेली, केस बांधलेले, पायात पाऊल पूर्ण झाकणारे बूट. उघड्या सँडलवर आत सोडत नाहीत. पाऊस असेल तर बूट पिशवीतून न्या आणि गेटपाशी बदला. एक कोरडा कुडता जास्तीचा.

कागदपत्रं प्लॅस्टिकच्या बंद फोल्डरमध्ये. बायोडाटाच्या ४ प्रती, दहावीपासून सहाव्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी हातात नसेल तर कॉलेजचं तात्पुरतं उत्तीर्ण प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत, ४ फोटो. मूळ कागद दाखवायला न्या, पण कोणाकडे ठेवून येऊ नका. द्यायच्या त्या सही केलेल्या झेरॉक्स. आणि मुलाखतीसाठी, अर्जासाठी किंवा 'सेफ्टी किट'साठी कोणी आधी पैसे मागितले तर तो फोन कंपनीचा नाही असंच समजा. वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा.

ताळेबंद

पगाराबद्दल वरच्या मताशी मी सहमत नाही. 'नियमाप्रमाणे' म्हणून सोडून दिलं की नंतर हातात किती पडतील तेच कळत नाही, आणि गावाहून येऊन खोली घेऊन राहायचं तर तोच प्रश्न सर्वांत मोठा. आकडा तुम्ही आधी काढू नका, हे बरोबर. पण त्यांनी सांगितला की एवढं विचारा: "हा सीटीसी आहे की हातात येणारा?" यात उद्धटपणा काही नाही.

सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यामागे होणारा एकूण खर्च. फरक किती पडतो ते पाहा. समजा वर्षाला २,४०,००० सीटीसी सांगितला, म्हणजे महिन्याला २०,०००. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,००० धरू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १,४४०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ५७७, आणि कंपनी ईएसआयसीत (कामगारांच्या आरोग्य विम्यात) असेल तर एकूण पगारावर ३.२५ टक्के, हे सगळं त्या २०,००० मध्येच धरलेलं असतं. ते वजा केल्यावर एकूण पगार उरतो साधारण १७,४१७. त्यातून तुमचा पीएफ १,४४० आणि ईएसआय ०.७५ टक्क्याने १३१ जातात. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत लागत नाही, त्यामुळे तो नाही. हातात १५,८४६. कॅन्टीनची किंवा बसची कपात असेल तर आणखी कमी. पीएफ बुडत नाही, तुमचा पूर्ण वाटा आणि कंपनीच्या वाट्याचा काही भाग तुमच्याच खात्यात राहतो, कंपनीचा उरलेला भाग पेन्शन योजनेत जातो, पण भाडं त्यातून देता येत नाही.

अपेक्षा विचारलीच तर आधी घरी हिशोब करा. लोटे, खेड किंवा चिपळुणात खोलीचं भाडं, जेवण, येणं-जाणं मिळून महिन्याला किती लागेल, तो आकडा माहीत असू द्या आणि तोच आधार धरून बोला: "चिपळुणात राहून भागेल असा हातात एवढा पगार मिळावा, बाकी शिकण्याची तयारी आहे." हे पटतं, कारण त्यामागे हिशोब असतो.

शेवटी ते विचारतील, "तुम्हाला काही विचारायचंय?" तेव्हा 'नाही' म्हणू नका. ट्रेनिंग किती महिन्यांचं आणि त्यात कुठली उपकरणं शिकवतात, प्रोबेशननंतर कायम करतात का, पत्र कंपनीचं असेल की ठेकेदाराचं, शिफ्ट असतात का आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते. शेवटचे दोन तुमच्यासाठी फार मोलाचे आहेत. ठेकेदाराकडची नेमणूक असेल तर पीएफ कोणाच्या नावे भरला जातो ते लेखी घ्या. शिफ्टबद्दल तुम्हालाही विचारतील, तेव्हा "घरी विचारून सांगते" म्हणायची वेळ येऊ नये. त्याचं उत्तर बुधवारच्या आधी घरात बसून ठरवून टाका.

निघताना निकाल कधीपर्यंत कळेल आणि कोणाला फोन करायचा ते विचारून ठेवा. त्या तारखेनंतर दोन दिवस थांबून एक फोन किंवा छोटी मेल, तेवढी पुरेशी असते. नेमणूकपत्र आलं की मूळ वेतन, भत्ते, बाँड आणि नोटीस पीरियड हे चार मुद्दे वाचल्याशिवाय सही करू नका. काही शंका वाटली तर आकडे इथे टाका, हिशोब करून देऊ.